गोड्या पाण्याचा डबा

बोईसर स्टेशनपासून चालत पाच मिनिटांवर माझं मोबाईल दुरुस्तीचं दुकान आहे. काउंटरवर एक पाटी लावली आहे : 'तांदूळ भातासाठी असतात.' लोक पाटी वाचतात, हसतात आणि पिशवीतून पाण्यात पडलेला, तांदळात पुरून ठेवलेला फोन काढून समोर ठेवतात. कारखान्यातले कामगार तर अभिमानाने सांगतात, "भैया, दो दिन चावल में रखा था." माझं डोकं तिथेच फिरतं. दोन दिवस फोन आतून कुजत होता आणि हे त्याला डब्यात झोपवून बसले होते! चार्जिंगच्या भोकात अडकलेला तांदळाचा कण मी चिमट्याने काढतो आणि त्यांच्याच तळहातावर ठेवतो. जरा जास्तच बोलतो, हे मलाही कळतं.

खरं सांगायचं तर तो राग त्यांच्यावरचा नाही. तांदळात पहिलं यंत्र मी स्वतः पुरलं होतं, आणि ते माझ्या बाबांचं होतं.

आमचं गाव किनाऱ्यावरचं, इथून रिक्षाने अर्ध्या तासावर. बाबा छोट्या होडीने एकटे जायचे आणि गळाने मासे धरायचे. घोळीसारखा महागडा मासा मिळाला तर त्यांच्या चेहऱ्यावरचं हसू दोन दिवस उतरत नसे. मोठे मासे पाण्याखालच्या खडकांपाशी असतात, पण वरून सगळा दर्या सारखाच. मग खडक सापडायचा तो किनाऱ्याकडे बघून. तारापूरच्या वीजकेंद्राची उंच चिमणी महालक्ष्मीच्या डोंगराला अमुक ठिकाणी लागली, आणि दुसरीकडे देवळाचा कळस दोन ताडांच्या मधोमध आला, की खाली खडक. अशा जागा ज्याच्या त्याच्या. दुसऱ्याला त्या विचारायच्या नाहीत, अशी आमच्यात रीत आहे. सख्खा भाऊही विचारत नाही. फक्त मुलाने बापाला विचारावं, आणि मग बापाने नाही म्हणू नये. पण विचारायचं मुलानेच. दर्यावर आग्रहाने कुणाला न्यायचं नसतं.

पुढे बाबांना काचबिंदू झाला. समोरचं दिसे, पण कडेचं पुसत चाललं. दोन दिशांच्या खुणा एकदम नजरेत येईनात. तेव्हा त्यांनी हातात मावेल एवढं जीपीएसचं यंत्र घेतलं आणि नजर होती तोवर एकेका खडकावर जाऊन जागा त्यात भरल्या. लिहिता फारसं येत नव्हतं, म्हणून नावाऐवजी चित्रं. चांगल्या खडकाला मासा, धोक्याच्या जागेला झेंडा. ते यंत्र दुधाच्या रिकाम्या पिशवीत गुंडाळून ते छातीशी ठेवायचे. आईच्या मते एवढा जीव त्यांनी तिलाही कधी लावला नव्हता.

मी तेव्हा पालघरला इलेक्ट्रॉनिक्स शिकत होतो. सुट्टीत घरी आलो होतो. ओहोटीला होडी लागली, बाबा गुडघाभर पाण्यात उतरले आणि सामान माझ्या हातात देऊ लागले. यंत्र त्यांनी पुढे केलं आणि मी एका हाताने घ्यायला गेलो, कारण दुसऱ्या हातात माझा फोन होता. ते निसटलं. पिशवी वाहत गेली, यंत्र तळाच्या चिखलात. बाहेर काढलं तेव्हा मागच्या झाकणाचं रबर सुटलेलं आणि आतून खारं पाणी गळत होतं.

बाबा म्हणाले, "गोड्या पाण्यात बुचकळ आदी. पटकन."

मला हसू आलं. "बाबा, हा काय बोटीचा मशीन हाय?"

"खारा तो खाराच. मशीन बुडला तं आमी काय करतो? गोड्या पाण्यानं धुतो. सुकवायचा मागनं."

चार अक्षरं शिकलो होतो ना. पाण्यात पडलेल्याला आणखी पाण्यात बुडवायचं, असला अडाणीपणा मी कसा करू देणार? वरून पुसलं आणि आईच्या तांदळाच्या डब्यात खोल खुपसलं. बाबांनी करू दिलं. मुलगा शिकलेला, त्याला कळतं, एवढाच त्यांचा हिशेब. आज मी रोज लोकांना हेच सांगतो, की पाणी सुकतं पण मीठ आत राहतं, आणि मीठ तांब्याला खातं. आधी धुवा, मग सुकवा. बाबांनी गुडघाभर पाण्यात उभं राहून ते मला फुकट शिकवलं होतं.

दुसऱ्या दिवशी मी यंत्र तांदळातून काढलं आणि लगेच चालू केलं. ती दुसरी चूक. पडदा उजळला. सगळे छोटे छोटे मासे जागच्या जागी दिसले. बाबा पुढे झुकून हसले आणि "हाय, हाय" म्हणाले. मग पडदा एकदा थरथरला आणि काळा झाला. तो पुन्हा उजळला नाही. पुढे धंद्यात पडल्यावर मी ते भिंगाखाली घेतलं. चिपचे पाय हिरवे होऊन गळून गेले होते. अजून ते माझ्या खणात आहे.

बाबांनी मला एका शब्दाने बोल लावला नाही. शेजारीपाजारी विचारत, तर सांगायचे, "जुनाच होता." चार-पाच वेळा दर्यावर गेले, रिकामे आले. मग होडी वर ओढली ती कायमची.

त्यानंतर ते संध्याकाळी ओट्यावर बसायचे. मी बोईसरहून घरी आलो की विचारायचे, "आज चिमणी दिसते काय रे?" मी फोनमधून मान वर करून म्हणायचो, "दिसते." "डोंगर?" "डोंगरपन दिसतो." मग ते दर्याकडे तोंड करून बसायचे. मला वाटायचं, डोळ्यांची कटकट. शिवाय त्या यंत्राचा विषय निघू नये म्हणून मी दर्याबद्दल चकार शब्द काढत नसे. असं कितीतरी संध्याकाळी झालं. नंतर बाबा गेले. आता तो ओटा रिकामा आहे, आणि त्यांनी तेवढंच पुन्हा एकदा विचारावं म्हणून माझा जीव तुटतो.

गेल्या वर्षी नारळी पुनवेनंतर आमच्या शेजारचे काका दुकानात आले. बाबांच्या वयाचे, अजून होडी चालवणारे. हातात स्टीलचा जेवणाचा डबा. मला वाटलं, काकूंनी काहीतरी पाठवलं. झाकण उघडलं तर आत काठोकाठ पाणी आणि पाण्यात बुडालेलं जीपीएस. सेल काढून वेगळे खिशात ठेवलेले.

"गोडा पानी हाय," काका म्हणाले. "खाऱ्यात पडला, लगेच धुतला. तसाच बुडवून आनला, वाटेत सुकायला नको म्हनून. तुज्या बापसानं शिकवलान."

इतक्या वर्षांत असं माझ्याकडे कुणी काही आणलं नव्हतं. मी ते उघडलं, डिस्टिल्ड वॉटरने धुतलं, मग स्पिरिटने, ब्रशने एकेक सांधा घासला, गरम हवेवर सुकवलं. आत गंजाचा ठिपका नव्हता. सेल घालून चालू केलं आणि पडदा उजळला. जागा दिसू लागताच मी यंत्र त्यांच्याकडे फिरवलं आणि मान वळवली. रीत ती रीत.

काकांनी ते परत माझ्याकडे फिरवलं. "बघ. ह्यातला एक मासा म्हंजे तुज्या बापसाचा खडक हाय."

मी पडद्यावर वाकलो.

"होडी वर ओढल्यावर माज्यासंगती आला एक दिस. दिसत नव्हता त्याला. मना विचारी, चिमणी डोंगराच्या पोटाला लागली काय? कळस ताडात आला काय? मंग म्हनला, टाक नांगर. म्हनला, ही जागा सांबाळ. पोरगा विचारील तवा त्याला दे." काकांनी डब्यातलं पाणी दारात ओतलं. "मी वाट बघीत होतो. तू विचारलाच नाय."

पडद्यावर दहा-बारा मासे होते. सगळे सारखे दिसत होते. ओट्यावरचं ते 'चिमणी दिसते काय रे' मला आत्ता ऐकू आलं. ते डोळ्यांचं बोलणं नव्हतंच. रीत मोडता येत नव्हती, म्हणून मी विचारेन या आशेने बाबा दारापर्यंत येऊन थांबत होते, आणि मी रोज 'दिसते' म्हणून त्यांना परत पाठवत होतो.

"काका," मी विचारलं, "बाबांचा खडक कुठला?"

एवढंच विचारायचं होतं, आणि ते बाबांना विचारायचं होतं.