कावळ्याच्या आधी ड्रोन

माझ्या बायकोच्या वर्षश्राद्धाला कावळ्याच्या आधी ड्रोन आला.

आमची सून रेखा फवारणीचा ड्रोन उडवती. श्राद्ध असलं म्हणून सोयाबीनवरची अळी काय उपास धरती? घरामागचं वावर त्याच दिवशी उरकायचं होतं. सकाळी रेखानं अंगणात रिमोट चालू केला अन् बॅटरी आणाय आत गेली. पडद्यावर घराचं चित्र आलं, खाली इंग्रजीत कायतरी. (मी दुसरीतनंच शाळेला रामराम केलेला!) म्हणलं, घर हेच, मालक मी. दाबलं!

दुपारी पत्र्यावर पानात घास ठेवला. खीर, वडे, भजी, तिला आवडायचं ते सगळं. कावळा लिंबावर बसून नुसता बघत राहिला. पाव्हणे भुकेनं पार सुकले. मला भूक नव्हती. ती तिकडं सुखी हाय का, एवढंच मला कळाय पाहिजे होतं.

"दाजी, अक्काच्या मनात कायतरी राहिलंय. कबूल करा!" मेव्हणी म्हणाली.

"तंबाखू सोडतो गं!" मी हात जोडले.

कावळ्यानं मान फिरवली. (तिला माझ्या शब्दाची किंमत ठाऊक!)

तेवढ्यात घरामागनं घरघर आली. सहा पंख्यांचा ड्रोन, सरळ अंगणाकडं! मागनं रेखा रिमोट घेऊन पळत.

"मामा, माणसं हलवा! बॅटरी उतरली की ह्यो आपोआप घरी जातो. त्याचं घर म्हणून मी बांध ठरवते. आज अंगण कुणी ठरवलं?"

"मीच! आपल्याला दुसरं घर हाय का?"

"सरका आधी!"

पाव्हणे गोठ्यात शिरले, म्हशी बाहेर आल्या!

"थांबव की त्याला!"

"थांबवायचं बटण पडद्यावरच्या सूचनांखाली दडलंय! एक पुसली की दुसरी येती!"

"बैलाचा कासरा कुणी असा झाकून ठेवतंय का? बनवणाऱ्याला इथं आणून उभा करा!"

उभा मात्र मीच होतो. पत्र्याखाली, घास वाचवाय हात वर करून. ड्रोन बरोबर डोक्यावर आला अन् रेखाला बटण घावलं. थांबला! टाकी रिकामी होती म्हणून बरं. तिनं तो वळवून मोकळ्या खळ्यात उतरवला. पोरगी वाघीण! पण पंख्याच्या वाऱ्यानं पान उडालं, ते खिरीसकट माझ्या टोपीवर.

मग लिंबावरचा कावळा उतरला, माझ्या डोक्यावर बसला अन् वडा घेऊन गेला.

"शिवला! अक्का तृप्त झाली!" मेव्हणी रडाय लागली.

माझेबी डोळे भरले. (अर्धी खीर होती.)

सगळे हात धुऊन पंगतीला बसले. माझं पान कुणी मांडलंच न्हाई. घासाचं पान मीच झालतो, त्याला कोण वाढतंय!