एका कानापुरती शांतता

देवसिंग राठोडचं दुकान आर्णीत कोणाला विचारावं लागत नाही. बसस्टँडच्या मागे, उसाच्या रसाच्या दुकानाला लागून, निळ्या दाराचं. पाटी अजून रेडिओ-टेप दुरुस्तीचीच आहे आणि आत पंधरा वर्षांपासून कॉम्प्युटर पोट फाडून पडलेले असतात. पाटी का बदलत नाही, असं कोणी विचारलं तर तो म्हणतो, ज्याले दुकान मालूम हाये त्याले पाटी लागत नाही, अन् ज्याले मालूम नाही तो पाटी वाचून काय येनार.

त्याची खरी पाटी म्हणजे त्याचे कान. गिऱ्हाईक कॉम्प्युटरचा डबा घेऊन आलं की तो पेचकस हातात घेत नाही. आधी चालू करा म्हणतो, डोळे मिटतो आणि ऐकतो. पंख्याचं बुश कोरडं पडलं की वेगळा आवाज, पात्यावर धूळ बसली की वेगळा. एकदा एका किराणा दुकानदाराचा डबा त्याने असाच ऐकला आणि आत पाल आहे म्हणून सांगितलं. दुकानदार हसला. डबा उघडला तर पाल केव्हाच निघून गेलेली, तिची तुटकी शेपटी तेवढी पात्याला घासत होती. ही गोष्ट आर्णीत इतक्यांदा सांगून झाली आहे, की आता कोणी सांगतात आत साप होता. देवसिंग दुरुस्त करत नाही. लोकांनी मेहनतीने वाढवलेली गोष्ट आपण कायले छाटायची, असं त्याचं म्हणणं.

तर असा हा कानांचा माणूस साठी ओलांडल्यावर एका पोरीच्या कानांपुढे हरला, ती हकिगत.

पोरीचं नाव वैष्णवी. जवळच्याच खेड्यातल्या पुंडलिकराव नावाच्या शेतकऱ्याची धाकटी. जन्मापासून डोळ्यांनी दिसत नाही. वसतिगृहात राहून शिकली, नागपूरला जाऊन कॉम्प्युटर शिकली आणि सव्विसाव्या वर्षी गोपाल नावाच्या माणसाच्या सेवा केंद्रात कामाला लागली. लोकांचे फॉर्म भरायचं काम. तिच्या डाव्या कानात इअरफोनचं एक बोंडूक असे, त्यातून पडद्यावर काय लिहिलं आहे ते मशीन भरभर वाचून दाखवी. इतकं भरभर, की देवसिंगने एकदा कानाला लावून पाहिलं तर त्याला भाजीत मोहरी तडतडल्यासारखं वाटलं. उजवा कान मोकळा, तो गिऱ्हाइकांसाठी. एका कानाने मशीन, दुसऱ्याने माणूस आणि दोन्हीच्या मधे तिची दहा बोटं. चुकत नसे.

अडचण पंख्याची होती. केंद्राच्या मागच्या भिंतीला लागून कापसाची जिनिंग. मार्चपर्यंत तिथे कापूस येतच असतो आणि रुईचं तूस हवेत तरंगत कुठेही शिरतं. खोली आठ बाय दहाची, वर टिनपत्रे. ऊन तापलं की मशीन तापे, मशीन तापलं की त्याचा पंखा जीव खाऊन फिरे आणि त्याची जाड घूं घूं नेमकी वैष्णवीच्या उजव्या कानावर येऊन बसे. म्हाताऱ्याकोताऱ्यांचे हळू शब्द त्याखाली दबून जात. ती नाव पुन्हा विचारी, मग आणखी एकदा. तिसऱ्यांदा गोपाल आपल्या खुर्चीवरून ओरडून सांगे. लोक कुरकुरायला लागले, की पोरीले दिसत तर नाहीच, आयकूही येत नाही.

गोपाल वाईट माणूस नव्हता. पण त्याचा धंदा होता. एक तारखेपासून वैष्णवीताईंनी झेरॉक्सवर बसावं, तिथे बोलायचं काम नाही, असं त्याने ठरवलं. ती हूं म्हणाली आणि दुपारच्या सुट्टीत काठी टेकत थेट देवसिंगच्या दुकानात आली.

तिने काय ते सरळ सांगितलं. "काका, झेरॉक्सवर बसवलं तर कागद उलटा हाये का सुलटा, हेच मी दिवसभर दुसऱ्याले विचारत बसीन. तुम्ही त्या पंख्याचं काही करा."

देवसिंगने आधी सगळे सरळ उपाय केले. नवा पंखा बसवला, तो आठ दिवस गप्प राहिला आणि तुसाने भरल्यावर जुन्याचाच भाऊ झाला. त्याच्यासमोर जाळीदार कापड लावलं तर मशीनचा जीव गुदमरला. डबा दूर ठेवावा म्हटलं, तर आठ बाय दहाच्या खोलीत दूर म्हणजे गिऱ्हाइकाच्या पायाशी. भिंतीपलीकडे ठेवावा तर पलीकडे जिनिंग.

आता इथे शाम उस्तादाची गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही. शाम उस्ताद म्हणजे देवसिंगला रेडिओ शिकवणारा माणूस, आता हयात नाही. देवसिंग एकोणीस-वीस वर्षांचा असताना तांड्यातल्या एका लग्नात लाऊडस्पीकर लावायला उस्तादाने त्याला धाडलं. एका पेटीत दोन स्पीकर बसवायचे होते. घाईत त्याने एकाच्या तारा सरळ जोडल्या आणि दुसऱ्याच्या उलट. गाणं लावलं तर गाण्यातला ढोल गायब! नुसती झांज आणि बाईचा बारीक आवाज. नवरदेवाचा काका धावजी म्हणाला, ढोलाचे पैसे वेगळे मांगते का रे हा पोट्टा. उस्ताद आला, पेटीवर तळहात ठेवला आणि दोन तारांची अदलाबदल केली. ढोल परत आला. आवाजाने आवाज खाल्ला, एवढंच तो म्हणाला. त्याचा अर्थ देवसिंगला पुढे उमगला. झोक्याला मागून एकाने आणि समोरून दुसऱ्याने एकाच वेळी, सारख्याच जोराने ढकललं, तर झोका हलतच नाही. आवाजाचंही तसंच, हवेचा झोकाच तो. रेडिओवाल्यांच्या हातून ही चूक आयुष्यात एकदा तरी होते आणि शिव्या खाऊन विसरली जाते.

देवसिंगला वाटलं, तीच चूक आता मुद्दाम करून पाहू.

त्याने पंख्याची घूं घूं मोबाइलमध्ये भरून घेतली, एका छोट्या स्पीकरच्या तारा उलट जोडल्या आणि तोच आवाज पंख्याशेजारी वाजत ठेवला. पहिल्या दोन क्षणांत खरोखर काहीतरी विरलं. वैष्णवीने मान वर केली. आणि मग तो आवाज फुगायला लागला. फुगे, ओसरे, पुन्हा फुगे, म्हशीने झोपेत श्वास घ्यावा तसा. पंखा काही ठरल्या चालीने चालत नाही. ऊन वाढलं की धावतो, कमी झालं की रेंगाळतो. भरलेला आवाज मात्र आपल्याच चालीने. दोघांची पावलं जुळत तेव्हा खोली शांत, चुकत तेव्हा दुप्पट गोंगाट. तरी देवसिंगने तो स्पीकरचा डबा तिथेच वाजत राहू दिला. दोन दिवस असू दे, तोवर काही सुचते, असं तो म्हणाला. ही त्याची चूक. म्हणजे पहिली मुद्दामची होती, ही खरी.

शुक्रवारी दुपारी पुसदकडच्या एका खेड्यातली कॉलेजची मुलगी शिष्यवृत्तीचा फॉर्म भरायला आली होती. सगळी माहिती भरून होत आली आणि मशीन बंद पडलं. भरलेलं सगळं गेलं. उघडून पाहिलं तर तुसाचा बोळा पात्यात अडकून पंखा कधीचा थांबलेला. पण कोणाला कळलं नाही, कारण देवसिंगचा डबा मेलेल्या पंख्याची घूं घूं इमानाने वाजवत बसला होता. वैष्णवी तर मशीनची तब्येत त्या आवाजावरूनच ओळखायची. मुलीची बस निघायची वेळ झाली, तिला दुसऱ्या दिवशी पुन्हा यावं लागलं.

वैष्णवीने देवसिंगचं नाव घेतलं नाही. माझ्याच ध्यानात आलं नाही, म्हणाली. शनिवारी हे कळलं तसा देवसिंग स्वतः गोपालकडे गेला आणि चूक माझी आहे, त्या पोरीची नाही, असं चारचौघांत सांगितलं. गोपालने ऐकून घेतलं, पण एक तारीख बदलली नाही. मधे फक्त रविवार होता.

देवसिंगची मुलगी उज्ज्वला पुसदला तंत्रनिकेतनात शिकवते. बापलेकीत आठवड्याला एक फोन, तोही आईने लावून दिलेला. त्या दिवशी देवसिंगने स्वतः लावला आणि सगळं सांगितलं. ती आधी पोट धरून हसली. मग म्हणाली, "बापू, तुमचा डब्बा नुसता बोलते, आयकतच नाही. त्याले कान लावा."

चाळीस वर्षं कानावर जगलेल्या माणसाला हे पोरीने सांगावं! मग ते कान घेऊन तूच ये, एवढं सांगून त्याने फोन ठेवला.

रविवारी उज्ज्वला पुसदहून एक लहानसं सर्किट घेऊन आली. त्याला दोन माइक. एक पंख्याजवळ, तो येणारा आवाज ऐकतो. दुसरा माणसाच्या कानाजवळ, तो काय उरलं ते ऐकतो आणि उरलेल्यावरून उलटा आवाज पुन्हा पुन्हा सुधारत राहतो. पंखा धावला तर हाही धावतो, पंखा थांबला तर हाही गप्प बसतो. पण तिने बजावून सांगितलं, की सगळ्या खोलीत शांतता होणार नाही. कानाजवळच्या माइकभोवती होईल, फार तर एका पपईएवढ्या जागेत. अन् जाड आवाज जाईल, वाऱ्याची बारीक सूं राहील.

कानाजवळचा माइक छत्रीच्या काडीला बांधला आणि काडी खुर्चीच्या पाठीला. जागा कुठली ते ठरवायला दुपार गेली. देवसिंग डोळे मिटून सांगे इथे, वैष्णवी म्हणे नाही काका, दोन बोटं खाली. तो पुन्हा ऐके आणि त्याला फरक कळत नसे. चार वेळा असं झाल्यावर त्याने डोळे उघडले आणि काडी तिच्या हातात दिली. तिने ती कणाकणाने वाकवली, थांबली आणि मान हळूच इकडून तिकडे फिरवली, जशी बाई न्हाणीत पाण्याचा अंदाज घेते तशी.

"अजून कमी करता येते," उज्ज्वला म्हणाली.

"नोको, ताई. थोडा राहू दे. तो जिता हाये का नाही, हे मले समजाले पायजे. मान्साच्या बोलन्यावर तेवढा बसू नये."

आवाज काढायचा म्हणजे सगळा काढायचा, हेच देवसिंगच्या डोक्यात होतं. तिला पंखा मुका करायचा नव्हता, बाजूला सरकवायचा होता. खुर्चीचे पाय हलू नयेत म्हणून त्याने फरशीवर चुन्याने चार खुणा केल्या.

सोमवारी, एक तारखेला, गोपालने दार उघडलं, उभ्यानेच ऐकलं आणि म्हणाला, "देवसिंगभाऊ, मले तर काहीच फरक वाटत नाही. तसंच घुमून राह्यलं."

"तुमच्यासाठी केलंच नाही ना, गोपालभाऊ. या, बसा तिच्या जागेवर."

गोपाल बसला नाही, कारण तेवढ्यात दारात मानीबाई आली. तांड्यावरची म्हातारी, पंचाहत्तरीची, कापूस वेचणीत बोटं घासून घासून ठसा न उमटणारी. आवाज असा, की समोरच्यालाही अर्धाच पोचावा. अर्धं बंजाऱ्यांच्या गोरबोलीत, अर्धं मराठीत. मागच्या वेळी वैष्णवीने तिला पाचदा विचारलं होतं आणि ती रागावून गेली होती. देवसिंग तिला याडी म्हणतो, म्हणजे आई. आज मात्र तो तिच्या मदतीला पुढे झाला नाही. भिंतीला टेकून राहिला.

मानीबाई स्टुलाशी उभी राहिली आणि पदराआडून नाव, गाव पुटपुटली. गोपालने सवयीने ओरडायला तोंड उघडलं. वैष्णवीची बोटं तोवर चालू झाली होती. तिने नाव जसंच्या तसं म्हणून दाखवलं, तांड्याचं नावही. मग हात थांबवले.

"आजी, तुम्ही चालत आल्या काय? श्वास वाजून राह्यला तुमचा. आधी बसा, पानी प्या. फॉर्म पळून जात नाही."

म्हातारीने आधी तिच्या तोंडाकडे पाहिलं, मग देवसिंगकडे, याने सांगितलं की काय अशा नजरेने. देवसिंगने नाही म्हणून मान हलवली. श्वासाचा आवाज त्याला ऐकूच आला नव्हता. तो उभा होता तिथे पंखाच घुमत होता. मानीबाई बसली. पाणी गोपालनेच दिलं. फॉर्म पुरा व्हायला दहा मिनिटं लागली, त्यात एकही गोष्ट दोनदा विचारावी लागली नाही. उलट मानीबाईच जास्तीचं सांगत बसली, लेकाचं, सुनेचं, आणि वैष्णवी टाइप करता करता हूं हूं करत होती.

बाहेर तोवर दोघंतिघं जमले होते. एकाच्या हातात आधारकार्ड होतं. त्याची प्रत काढायला सांगावं म्हणून गोपालने वैष्णवीकडे पाहिलं, तर ती पुढच्या माणसाचं नाव विचारत होती. मग गोपालनेच त्या माणसाकडून कार्ड घेतलं, स्वतः जाऊन झेरॉक्सच्या काचेवर ठेवलं आणि बटण दाबलं. पहिली प्रत उलटी निघाली.