भिकू घाडीचं डच वाक्य

भिकू घाडी म्हणजे आमच्या देवगडचा. सौदीत, जुबैलच्या कामगार-कॅम्पात माझ्या शेजारच्या खाटेवर. कामाने रिगर; क्रेनला ओझं बांधावं तर भिकूने, पण साहेबाला 'नाही' म्हणायची वेळ आली की मेल्याची दातखीळ बसते.

दर वेळी करार संपला की आमचा डच फोरमन, यानसाहेब, विचारणार, "राहणार ना?" आणि हा म्हणणार, "येस सर!" मग आठवडाभर ह्याला अन्न गोड लागायचं नाही. घरी पोर शाळेत जायला लागली, आणि बापाला ओळखते फोटोत.

यंदा त्याने कायमचं घरी जायचं ठरवलं. इंग्रजीत 'येस सर'च निघतं, म्हणून म्हणे डचमध्ये सांगणार! स्टोअरमधल्या डच कारकुनाच्या मागे लागून वाक्य पाठ केलं: "इक खा नार हाउस, ओमदात मैन दोख्तर मै नीत केंट." मी घरी जातो, कारण माझी मुलगी मला ओळखत नाही.

"'खा' म्हणजे जातो?" मी म्हटलं. "काय खातोस?"

"गप रे! आणि बघ, 'कारण' आलं की त्यांचंही क्रियापद शेवटी जातं. अगदी आपल्यासारखं!"

मग बसमध्ये तेच, न्हाणीत तेच. जेवायला बसला तरी पाय हलतायत. "विसरलो तर रे?" जीव नकोसा केला त्याने माझा.

शेवटी साहेबाने बोलावलं. हा केबिनच्या दारात, मी मागे. "राहणार ना?"

"इक..." म्हणाला आणि थांबला.

पुढचा शब्द 'खा', म्हणजे 'जातो'. उंबऱ्यावर उभं राहून आमच्याकडे 'जातो' कोण म्हणतं? 'येतो' म्हणायचं. भिकूचा बाप एकदा 'जातो' म्हणून होडीवर गेला, तो आलाच नाही. तेव्हापासून त्या घरात तो शब्द कुणी काढत नाही.

"इक कोम तेरुख," भिकू म्हणाला. परत येतो. कारकून चहाला जाताना रोज म्हणायचा तेच. मुलीचं राहिलंच.

साहेबाने मिठी मारली. डच बोलणारा रिगर, सोडतो कशाला? कायमचं सुटायची फायनल एक्झिट राहिली बाजूला, रजा मिळाली आणि पासपोर्टवर परतीचा शिक्का.

बाहेर आल्यावर मी भडकलो. "गाढवा, एवढं घोकलंस कशाला मग?"

"जीभच वळेना रे," म्हणाला आणि रडायला लागला.

रजा संपवून आला, तो बॅगही न उघडता खाटेवर बसला.

"पोर आता ओळखते रे," म्हणाला. "निघताना उंबऱ्यात शर्ट धरलान माझा. म्हणाली, बाबा, 'येतो' नको म्हणू. 'राहतो' म्हण."

"मग?"

"'येतो' म्हटलं."