तळहातावरची हळद

माझं पोट सांभाळलं ते नगरच्या दवाखान्यातल्या, एक्स-रेच्या खोलीत काम करणाऱ्या मावशींनी. हे आधी सांगते, बाकीचं मागाहून.

मी कोकणातली, सातवीत शाळा सोडलेली. बहात्तरच्या सुमारास नगरच्या एका मुलींच्या वसतिगृहात स्वयंपाकाला होते. जठरात जखम निघाली. डॉक्टर म्हणाले, "बहुधा साधीच आहे. पण अशी एखादी पुढे कॅन्सरकडे वळते. भरून येईपर्यंत अधूनमधून फोटो काढून बघत राहू." तेव्हापासून माझी झोप उडाली. घरी तर कळवलंच नव्हतं.

फोटोआधी उपाशीपोटी खडूच्या पाण्यासारखं पांढरं औषध प्यायचं. दुसऱ्या खेपेला प्यायले, फोटो निघाला, आणि डॉक्टरांच्या कपाळाला आठी पडली. "ही सावली मागे नव्हती. पोट उघडून बघावं लागेल."

मी टेबलावरून खाली उतरू लागले. मावशी मला धरायला आल्या आणि माझा हात धरूनच थांबल्या.

"सकाळी काय खाल्लंस गं?"

"देवाशपथ, काही नाही!"

"मग तळहाताला ही हळद कशाची? लगीन हाय का तुजं?"

"उसळ केली मुलींना. तिची चव घेतली फक्त."

"किती बारी?"

"मिठाला एकदा... तिखटाला दोनदा. मग मटकी शिजली का ते बघायला..."

"डॉक्टरसायेब, उसळीचा फोटो काढलाय बरं का तुमी!"

डॉक्टर हसले नाहीत, पण परवा पुन्हा फोटो काढायला तयार झाले. मला खरंच वाटत होतं, चव घेणं म्हणजे खाणं थोडंच! मावशींनी मला फोटोच्या आदल्या रात्री चुलीजवळ जाऊच दिलं नाही. तिसगावच्या आपल्या बहिणीला वसतिगृहात स्वयंपाकाला धाडलं आणि मला आपल्या घरी नेलं. सकाळी चूळ भरतानासुद्धा समोर उभ्या! "गिळू नगंस, मी बघती हाय."

या नव्या फोटोत सावली नव्हती. जखमही आधीपेक्षा लहान दिसत होती. "तरी चार महिन्यांनी यायचंच," डॉक्टर म्हणाले. मी रडायला लागले, तशा मावशी म्हणाल्या, "ये की. पर उसळ डब्यात आन, पोटात नगं!"

मी जात राहिले, जखम भरून येईपर्यंत. डबाही नेला, दर खेपेला.

मावशी, तुम्ही समुद्र बघितलेला नाही. एक दिवस तुम्हाला आमच्या गावी नेईन, पाटावर बसवून पोटभर वाढीन. आणि मिठाची चव त्या दिवशी तुम्हीच घ्यायची.