स्नेहलतागंजमधला गॉगल

नातवानं काल नवा गॉगल आणला आणि सवयीनं मी तो हात लांब करून दाराच्या चौकटीसमोर धरला. त्यासरशी स्नेहलतागंजमधलं ते दुकान आठवलं.

आमची कापडाची मिल नुकतीच बंद पडली होती. ताग्यांतले दोष शोधण्यात माझी उमेदीची वर्षं गेली, पण निरोप देताना साहेब म्हणाले, "बाहेर तुमच्या नजरेला कोण विचारणार?" ते मला आजही झोंबतं. मी जुन्या मोटरसायकलवरून पोलोग्राउंडच्या कारखान्यांत सुटे भाग पोचवू लागलो, पण धुळीनं डोळे सुजायचे. गॉगल घेतला नसता तर तोही धंदा सुटला असता.

माझ्या अंगातला मिलचा जुना शर्ट पाहून दुकानदारानं सर्वांत महाग गॉगल पुढे केला. "इंपोर्टेड है भिया, आप मिलवाले क्या समझोगे!"

माझं डोकं तापलं. कापड तपासावं तसा मी तो शटरच्या सरळ पट्टीसमोर धरून हळूच हलवला. काचेतून पट्टी सापासारखी वळवळली, म्हणजे काच सदोष. स्वस्त ढिगातल्या सातव्या गॉगलात मात्र ती सरळ राहिली.

"ये दे दो, और आधे में. तुम्हारा इंपोर्टेड पहन के तो चक्कर आ जाएगा!"

दुकान हसलं. भाव माझाच लागला. तेवढ्यात शेजारच्या गिऱ्हाइकानं आपला गॉगल माझ्यापुढे धरला. "भाईसाब, जरा मेरा भी देख दो."

साहेब, बाहेर पडल्यावर विचारणारा पहिला माणूस हा असा भेटला.