रेवती उतारावर का उसळायची

मी घोडदळात दफेदार होतो. पायदळात ज्याला हवालदार म्हणतात, तोच हा हुद्दा. नोकरीच्या शेवटच्या वर्षी आमच्या युनिटची घोडेस्वारी मोहीम निघाली आणि माझी नेमणूक तिच्यावर झाली. युनिटचे जे जवान शहीद झाले, त्यांच्या गावी घोड्यांवरून जायचं आणि मानवंदना द्यायची, असा हुकूम होता. खानदेशातलं गाव एकच होतं, वरणगाव. तिथला लान्स दफेदार सुनील तायडे काश्मीरमधल्या एका कारवाईत कामी आला होता.

रेवती ही सुनीलची घोडी. ती कोवळी असताना तिच्या पाठीवर पहिलं खोगीर त्यानेच ठेवलं. मोहीम ठरल्यावर सुनीलच्या आईने फोनवर एवढंच मागितलं, की त्याची घोडी बघायची आहे. म्हणून रेवतीला आम्ही सोबत घेतलं. तिच्यावर सवार बलबीर बसायचा.

मोहिमेचा रोजचा क्रम ठरलेला होता. उजाडण्याआधी दाणा-पाणी, मग मालिश, खूर साफ, पाठीवरून हात फिरवून तपासणी, आणि शेवटी खोगीर. घोड्याचं पाणी झाल्याशिवाय सवाराने चहा घ्यायचा नाही. धुळ्यापर्यंत एकाही घोड्याची तक्रार नव्हती.

शिंदखेड्याच्या अलीकडे आम्ही एका नाल्यात उतरत होतो. मी पुढे होतो. वॉकी-टॉकीवर मागून आवाज आला.

"रेवतीने सवार गिरा दिया. ओव्हर."

"सवार कैसा है? ओव्हर."

"कंधा गया. होश में है. ओव्हर."

बलबीरला दवाखान्यात पाठवलं. जाण्याआधी त्याने सांगितलं, की सकाळी टेकडी उतरतानाही तिने दोन उसळ्या मारल्या होत्या, पण त्याने तोल सांभाळला. यावेळी तिने पाठीची कमान केली, मान खाली घातली आणि मागच्या टापा उडवल्या. मोहिमेचे प्रमुख मेजर साहेब. ते म्हणाले, रेवतीला गाडीत चढवा आणि युनिटला परत पाठवा. हुकूम योग्यच होता. रस्त्यात गावं लागत होती, शाळेतली मुलं घोड्यांना हात लावायला येत होती.

मी म्हणालो, "साहेब, ही घोडी खोडकर नाही. हिला काहीतरी दुखतंय. उद्या हॉल्ट आहे. एक दिवस द्या."

साहेबांनी रेवतीकडे एकदा पाहिलं. मग म्हणाले, "उद्या संध्याकाळपर्यंत. कारण सापडलं नाही तर गाडी."

माझं गाव तिथून जवळच. माझे काका, त्यांना आम्ही नाना म्हणतो, कळण्याच्या, म्हणजे ज्वारी-उडदाच्या, भाकरी घेऊन कॅम्पवर आले. रेवती वेगळी बांधलेली बघून त्यांनी विचारलं, "बठ्ठा घोडा चांगला शेतस, हाईच का बरं बिघडनी?" बाकी सगळे घोडे चांगले असताना हीच का बिघडली, हेच मलाही शोधायचं होतं.

दुसऱ्या दिवशी आमच्या व्हेटर्नरी ऑफिसर कॅप्टन मॅडम आणि मी कामाला लागलो. मॅडमनी मानेपासून शेपटीपर्यंत पाठ दाबून पाहिली. रेवतीने कातडी थरथरवलीसुद्धा नाही. दात पाहिले, खूर पाहिले. मी खोगीर उलटं करून आतला सांगाडा तपासला, मग दुसरं खोगीर घातलं. पोटाखालून जाणारा पट्टा, म्हणजे तंग, आवळला. ती शांत उभी. लांब दोरीवर गोल फिरवली. चाल साफ.

मग मी बसलो. सपाट मैदानावर चाल, दुडकी, दौड, सगळं व्यवस्थित. दुपार झाली. मॅडम म्हणाल्या, "दफेदार, ती इथे उसळत नाही. मग तिथे का उसळली?"

तेव्हा माझ्या लक्षात आलं. बलबीरने सांगितलेल्या काल सकाळच्या उसळ्याही उतारावरच्याच होत्या.

आम्ही तिला नाल्याकडे नेलं. मी उतारावर घातली. चार पावलं बरी गेली, मग कान मागे पडले आणि तिने मला खोगिरातून वर फेकलं. मी टिकलो. पुन्हा वर नेली, पुन्हा उतरवली, पुन्हा तेच. मॅडम बाजूला वाकून बघत होत्या. "थांबा," त्या म्हणाल्या. "उतारावर तुमच्या वजनाने खोगीर पुढे सरकतंय. तंगही पुढे जातोय."

मी खाली उतरून खोगीर काढलं. मॅडमनी डाव्या पुढच्या पायाच्या कोपरामागे, कातडीच्या घडीत बोटं घातली. सकाळी तिथे वरवर काही दिसलं नव्हतं. आता रेवती दचकली आणि माझ्या खांद्यावर मान टाकून उभी राहिली. केस कापल्यावर मुगाएवढी खपली दिसली. मॅडमनी जागा बधिर केली, चिमटा आत घातला आणि बाभळीच्या काट्याचं टोक बाहेर काढलं. वाटेतल्या काटेरी झुडपांतून कधीतरी शिरलं असावं. सपाटीवर तंग त्या जागेच्या मागे राहायचा. उतारावर तो काट्यावर चढायचा.

मेजर साहेबांनी काटा तळहातावर घेऊन पाहिला. "घोडी मोहिमेत राहील," ते म्हणाले. "पण खोगीर नाही."

जखम भरेपर्यंत तिच्यावर तंग बांधायचा नव्हता. म्हणून माझा घोडा दुसऱ्या सवाराकडे देऊन भुसावळपर्यंत मी तिचा लगाम धरून पायी चाललो. पथकातल्या पोरांनी आळीपाळीने चालायची तयारी दाखवली. मी नाही म्हणालो. केळीच्या बागांमधून ती माझ्या खांद्याशी खांदा लावून चालली. एवढ्या नोकरीत घोड्यावर बसून मला जेवढा अभिमान वाटला नसेल, तेवढा त्या पायपिटीत वाटला.

भुसावळला मॅडमनी जखम तपासली, दाबून पाहिली आणि खोगिराला परवानगी दिली. बलबीरच्या जागी मी तिच्यावर बसलो.

वरणगावात लोक रस्त्याच्या दोन्ही बाजूंना उभे होते. सुनीलच्या गल्लीत शिरताना छोटा उतार आहे. मी लगाम सैल सोडला. रेवती मान हलवत, एकेक टाप मोजून टाकल्यासारखी उतरली. खोगीर जरा पुढे सरकलं. तिने कानही मागे केला नाही.

दारात सुनीलचे वडील आणि आई उभे होते. आतल्या भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो, शेजारी वर्दीतला सुनील. मेजर साहेबांनी सांगितलं, की जखमी साथीदाराला आडोशाला ओढत असताना सुनीलला गोळी लागली आणि तो साथीदार आज नोकरीवर आहे. वडिलांनी हात जोडले. आई पुढे आली. तिने रेवतीच्या कपाळावर हात ठेवला आणि बराच वेळ काढला नाही. मग वर माझ्याकडे बघून विचारलं, "माझा सुनील असाच बसे का रे भाऊ?"

मी म्हणालो, "नाही आई. माझ्याहून चांगला बसायचा."

तिने मान हलवली. मी खाली उतरून लगाम तिच्या हातात दिला आणि सॅल्यूट केला.