खमण कोण आणणार?

कापडाच्या मिलमध्ये दोन गोष्टी रोज साठतात, चिंध्या आणि किस्से. चिंध्या निदान भंगारवाला तरी नेतो. किस्से आमच्याच डोक्यात पडून राहतात आणि दोन जुने मिलवाले भेटले की बाहेर सांडतात!

सुरतजवळ भेस्तानला साड्यांच्या छपाईची आमची मिल. मी तिथे लॅबमध्ये होते. नव्वद सालानंतरची गोष्ट. नाशिकचे कुलकर्णी साहेब मॅनेजर म्हणून आले आणि आल्या आल्या त्यांनी नियम काढला. ज्याच्या हातून चूक झाली त्याने दहाच्या चहाला सगळ्यांसमोर सांगायचं. सांगितलं की विषय संपला, वर साहेबांकडून सगळ्यांना खमण. लपवलं आणि मागाहून कळलं, तर गेट बंद. म्हणजे बसा घरी.

"चूक केली तर खमण?" फोल्डिंगचे वसंतभाई हळूच म्हणाले. "साहेब, तमे सुरतने ओळखता नथी!"

*

पहिली कबुली वसंतभाईंचीच. आख्ख्या गठ्ठ्यातल्या साड्यांच्या घड्या उलट्या बाजूने घातल्या होत्या. खमण आलं, गरमागरम, वर शेव आणि तळलेल्या मिरच्या.

दुसऱ्या दिवशी चहाला तिघं उभे! एकाने कालची चूक सांगितली, दुसऱ्याने गेल्या दिवाळीची. तिसऱ्याने तर आधीच्या मिलमधली सांगितली.

साहेबांनी शांतपणे चहा संपवला आणि नियम बदलला. "उद्यापासून खमण चूक करणाऱ्याने आणायचं."

त्यानंतर बरेच दिवस आमच्या मिलमध्ये कुणाच्याच हातून काही चुकलं नाही.

*

नवा नियम पहिल्यांदा लागू झाला तो खुद्द साहेबांना. मिलचे शेठ दुपारी जेवून आतल्या केबिनमध्ये आडवे व्हायचे. साहेबांना वाटलं, केबिन रिकामी आहे. बाहेरून कुलूप घातलं, चावी खिशात टाकली आणि गेले हजीऱ्याला. शेठ उठून दार बडवत होते, पण मशीनच्या आवाजात कुणाला ऐकू जाणार?

संध्याकाळी साहेब परतले. नियम म्हणजे नियम! आधी सगळ्यांना गोळा केलं, मग बंद दारासमोर उभं राहून म्हणाले, "शेठ, चूक माझी आहे. मी कबूल करतो. उद्याचं खमण माझ्याकडून."

आतून आवाज आला, "कुलकर्णी, पहेलां बारणुं तो खोलो!"

*

आमचे कलर मास्टर हिंमत पाटील, शिरपूरचे. सगळे त्यांना अप्पा म्हणत. छपाईचा रंग तेच कालवायचे आणि त्यांच्या हातून कधी म्हणजे कधीच चूक व्हायची नाही. हिरवा पिवळट आला, तर बोअरचं पाणी खराब. निळा मळकट आला, तर ट्यूबलाइट खराब. एकदा मी कापड घेऊन त्यांना बाहेर अंगणात नेलं. अप्पांनी कापड पाहिलं, वर पाहिलं आणि म्हणाले, "आज ऊनच बरोबर नाही."

दुसऱ्यांच्या चुकीचं खमण मात्र सगळ्यात जास्त तेच हाणायचे.

*

एकदा राणी रंगाचा लॉट छापला, तो निघाला विटकरी. चहाला साहेबांनी विचारलं, चूक कुणाची? अप्पा म्हणाले, "रंग बरोबर होता. देवीदासने वाफ जास्त दिली."

छापल्यावर रंग पक्का व्हावा म्हणून कापडाला वाफ देतात. ते काम देवीदासचं. तो नाही नाही म्हणत राहिला, पण अप्पांपुढे त्याचं कोण ऐकणार? चूक लपवली म्हणून गेट बंद.

निघताना माझ्यापाशी आला. त्याच्या पोरीचा साखरपुडा तोंडावर आलेला. "मन्ही काय चूक शे, ताई? सोयरे इचारतीन, घर का बशेल शे? काय सांगू?" त्याचे डोळे भरले होते. मला अप्पांचा असा राग आला म्हणता! पण हातात पुरावा नव्हता.

त्याच आठवड्यात इंदूरचा व्यापारी आला. फोल्डिंगमध्ये तो बाद विटकरी माल पडला होता. त्याने एक साडी उचलली, उजेडात धरली आणि म्हणाला, "बस, यही रंग चाहिए. पूरा लॉट."

दुसऱ्या दिवशी चहाला साहेब म्हणाले, "अप्पांनीच सांगितलंय, हा रंग देवीदासच्या वाफेने झाला. त्याला बोलावून घ्या. यापुढे रंगाचं तोच बघेल."

अप्पांचा कप बशीवर आपटला. "वाफेने कधी रंग होतो का, साहेब? तो काय रंग करणार! राणीमध्ये मेहंदी रंगाचा उरलेला डबा मी ओतला! मी स्वतः!"

वसंतभाईंच्या हातातली बिडी तशीच राहिली. साहेबांनी फुंकर घालून चहाचा घोट घेतला. अप्पा खाली बघत उठले, स्कूटरला किक मारली आणि फाटकाबाहेर गेले. आम्हाला वाटलं, गेले ते गेलेच.

तासाभराने स्कूटर परत आली. पुढे अप्पा. मागे मांडीवर खमणाचं मोठं पुडकं धरून देवीदास.

अप्पांनी पुडकं टेबलावर ठेवून स्वतः सोडलं. पहिला तुकडा देवीदासच्या हातात दिला. साहेबांनी पुडक्यात वाकून पाहिलं.

"अप्पा, चटणी?"

अप्पांनी आधी दुकानाच्या दिशेला पाहिलं. मग देवीदासकडे पाहिलं.

"विसरलो," ते म्हणाले. "चूक माझी."